नेवाडातलं माळरान 'ओसाड' नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिका प्रवासाचा लेख वाचला, छान आहे, पण नेवाडातल्या रीनोहून सॉल्ट लेक सिटीला जाताना 'तासन् तास नुसती करडी झुडपं, बघण्यासारखं काहीच नाही' हे काही पटलं नाही. मुलगी रीनोला असते त्यामुळे माझं तिकडे जाणंयेणं असतं म्हणून लिहितोय.

ही झुडपं म्हणजे सेजब्रश, नेवाडाचं राज्यफूल! आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच जातकुळीतलं. पानाच्या टोकाला तीन दाते, वर बारीक चंदेरी लव, उन्हाचा मारा आणि पाण्याचं उडून जाणं दोन्ही त्या लवेमुळे कमी होतं. पान चुरगाळलं की कापरासारखा उग्र वास, हात धुतला तरी लवकर जात नाही. हिवाळ्यात गवत बर्फाखाली गडप होतं पण याची पानं झाडावरच राहतात, आणि सेज ग्राउस नावाचा कोंबडीएवढा पक्षी हिवाळाभर जवळपास तेवढंच खाऊन जगतो, कारण कडक दाणे दळायला लागते तशी पोटातली दणकट पेषणीच त्याला नाही. पिग्मी ससा पण हेच खातो आणि बीळही याच्याच आडोशाला करतो. शिवाय प्रॉन्गहॉर्न हे हरणासारखे प्राणी हे खातात ते वेगळंच. आता एवढं सगळं ज्याच्यावर चालतं त्याला ओसाड कसं म्हणायचं?

खरा घात केलाय चीटग्रासने. हे गवत एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलं, उन्हाळा लागायच्या आतच वाळतं आणि ठिणगी पडली की भडकतं. सेजब्रश एकदा जळलं की बुंध्यातून परत फुटत नाही, बी पण फार लांब जात नाही, मग मोकळ्या जागेत पुन्हा चीटग्रासच, पुन्हा आग. ग्राउसला संकटग्रस्त यादीत घालायला 2015 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने नकार दिला, राज्यं आणि रँचवाले मिळून वाचवतील म्हणाले. बघू.

मी मूळचा सोलापूरचा, नान्नजच्या माळाला पण लोक 'पडीक' म्हणायचे आणि तिथल्या माळढोक पक्ष्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. तिथेही कोणाला झाडं लावायची हौस, कोणाला प्लॉट पाडायची.

लेखकमहाशय परत नेवाडात गेले तर एप्रिलमध्ये जावं, उजाडायच्या आधी पोचावं आणि गाडीतच बसून राहावं, उतरलं की ग्राउस बिचकतात. नर छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून नाचतात ते बघून मग काय ते लिहावं.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर (सध्या मुक्काम रीनो)