‘अब्राक्सस’ एकट्या गिटारचा नाही

रविवारच्या पुरवणीत सांताना या रॉक बँडच्या १९७० सालच्या ‘अब्राक्सस’ अल्बमवरचा लेख वाचला, आवडलाही, पण सगळं श्रेय एकट्या कार्लोस सांतानाच्या गिटारला देऊन टाकलंय ते काही पटलं नाही. त्यातलं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे गाणं मूळ पीटर ग्रीनचं, त्याच्या फ्लीटवूड मॅक बँडने १९६८ मध्येच केलेलं, आणि इथे ते गायलंय ऑर्गनवाल्या ग्रेग रोलीनं, कित्येकांना अजून तो आवाज कार्लोसचाच वाटतो! ‘ओये कोमो वा’ हे गाणं तर लॅटिन संगीतकार टिटो पुएंतेचं. शिवाय ह्या रॉकला लॅटिन चाल मिळाली ती चेपितो आरेआसच्या टिंबालेस आणि मायकल काराबेलोच्या कोंगा या तालवाद्यांमुळे, हे दोघं काढले तर उरतो एक चांगला ब्लूज बँड, बस्स. लेखात त्यांचं नावसुद्धा नाही, कव्हरवरच्या चित्राला मात्र अख्खा परिच्छेद!

– एक वाचक, पुणे