तळं भरायच्या आधी कागदाखाली काय आहे ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कळंबा रोडच्या बाजूला एका कॉलनीत राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या ओपन स्पेसमधल्या बागेत तळं केलं, दहा टँकर ओतून ते भरलं आणि आठवड्याभरात बहुतेक पाणी जमिनीत गेलं. १ लाख लिटर पाणी, आणि तेही पलीकडच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या त्या दिवसांत. अजून आठवलं की पोटात कालवतं. आता बागेत, शाळेत, फार्महाऊसवर, लॉनवर जिकडं तिकडं तळी करायचं चाललंय, त्यामुळं लिहावंसं वाटलं, निदान दुसऱ्या कुणाचं पाणी तरी वाचेल.

तळं वरनं ४० बाय २६ फूट, ५ फूट खोल, चारी बाजूंना उतार. कॉन्ट्रॅक्टरनं जेसीबीनं खड्डा काढला, मुरमावर थेट ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि दुसऱ्याच दिवशी टँकर लावले. एका रात्रीत पाणी वीतभर उतरलं. विचारलं तर म्हणाला, ऊन लई आहे, पाणी उडतंय. आता उन्हानं पाणी उडतं हे खरंच आहे पण ते आपल्याकडं मे महिन्यात दिवसाला साधारण ६-७ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. वीतभर कसं उडेल?

आमच्यातल्या एका रिटायर्ड ओव्हरसियर काकांनी बादलीची टेस्ट करायला लावली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. एका बादलीत दोन दगड टाकायचे, ती तळ्याच्या पायरीवर पाण्यातच ठेवायची, बादलीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका लेव्हलला आणायचं आणि आत-बाहेर दोन्हीकडं मार्करनं खूण करायची. २४ तासांनी दोन्ही सारखंच उतरलं असेल तर ते ऊन, बाहेरचं जास्त उतरलं असेल तर तळं गळतंय. आमच्या बादलीत खूण जेमतेम हलली होती आणि बाहेर पाणी चार बोटं खाली. कॉन्ट्रॅक्टरनं त्यानंतर फोन उचलायचा बंद केला.

पाणी उतरत उतरत गुडघ्याएवढं राहिलं आणि तिथं थांबलं. काका म्हणाले, जिथं थांबलं तिथंच शेवटचं भोक, त्याच्या खाली कागद ठीक आहे. मग आम्ही चार-पाच जण त्या रेषेवर हातानं कागद चाचपत गुडघ्यावर फिरलो. एका ठिकाणी बोटाला टोचलं. कागद उचलून बघितलं तर खाली बोराच्या बीएवढं खडीचं टोक, काळ्या दगडाचं, काचेसारखं धारदार, आणि कागदाला बरोबर तेवढंच भोक. अशी एकूण अकरा भोकं निघाली. लोक म्हणाले कागद हलका दिला. मला तसं वाटत नाही, कागद चांगलाच होता. पण एक लाख लिटर पाणी म्हणजे शंभर टनांचं ओझं, ते कागदाला खाली दाबतं आणि खाली एक जरी टोकदार खडा असला तर तो वर येणारच. म्हणजे चूक कागदाच्या खालीच होती.

मग सगळा कागद काढला. आठ माणसं लागली आणि घडी काही नीट बसली नाही ती नाहीच. भोकं मशीनवाल्याकडनं गरम करून चिकटवून घेतली. खड्ड्यात दोन रविवार आम्ही अनवाणी फिरून खडे वेचले, बुट्ट्या भरभरून निघाले, झाडाची मुळंही कापून काढली. वर चाळलेली क्रशर सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, दोन इंच, पाणी मारून चोपून बसवली आणि तिच्यावर जुने डिजिटल फ्लेक्स अंथरले. जिओ टेक्स्टाइल, म्हणजे कागदाखाली घालायचं जाड कापड, मिळालं तर उत्तमच, पण आपल्या कोल्हापुरात जुन्या फ्लेक्सला तोटा नाही आणि ते बऱ्यापैकी काम देतात. मग कागद. मापाचंही सांगतो कारण इथं बरेच जण फसतात. ४० बाय २६ च्या तळ्याला तेवढाच कागद पुरत नाही. तळाचं माप ३० बाय १६, त्यात दोन्हीकडचे उतार ७-७ फूट आणि कडेच्या चरात गाडायला ३-३ फूट, म्हणजे ५० बाय ३६ तरी पाहिजे, आणि तो कारखान्यातनंच एकसंध जोडून घ्यावा, जागेवर डिंकानं जोडलेलं टिकत नाही. कडा लगेच गाडायच्या नाहीत, पाणी भरताना कागद आत ओढला जातो, तळं भरल्यावर मगच चर बुजवायचा. आणि काठावरची माती कागदावरनं आत पाण्यापर्यंत येऊ द्यायची नाही, ती वातीसारखं पाणी शोषून बाहेर नेते.

दुसऱ्यांदा टँकर बोलवायला मी ठाम विरोध केला. काळम्मावाडी धरणातनं सुमारे ५३ किलोमीटर पाइपमधनं आणलेलं पाणी कमळांना घालायचं हे मला पटत नाही. आपल्या शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या हॉलचं छत १५०० स्क्वेअर फूट आहे, थोडं वाया जाणार धरलं तरी त्याच्यावर पावसाळ्यात १ लाख १० हजार लिटर पडतं, म्हणजे आख्खं तळं. पहिल्या दोन पावसांचं घाण पाणी सोडून दिलं आणि मग छताचा पाइप तळ्यात वळवला. जुलैत झड लागली तेव्हा एक नवीनच प्रकार बघायला मिळाला, तळं अर्धं भरलेलं आणि वरच्या अंगाला कागद म्हशीच्या पाठीसारखा फुगून वर आलेला. जमिनीतलं पाणी खालनं ढकलत होतं. वरच्या बाजूला चर काढून ते पाणी गटारीला लावलं, तळ्यात पाणी वाढलं तसं वजनानं कागद परत बसला. त्यामुळं पावसाळ्यात तळं रिकामं ठेवू नये, आणि चर आधीच काढावा.

ज्या गावात कपिलतीर्थ या जुन्या तळ्यावर मंडई झाली आणि वरुणतीर्थ तळ्याच्या जागी गांधी मैदान, तिथं कुणी नवीन तळं करतंय याचा मला आनंदच आहे. पण मनपाची बाग असो नाहीतर कॉलनीची, माझी विनंती आहे की कामाच्या कागदपत्रातच लिहून घ्या, कागदाखालचा थर दाखवल्याशिवाय कागद टाकायचा नाही आणि बादलीची टेस्ट झाल्याशिवाय शेवटचं बिल द्यायचं नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडा, आरोग्य खात्याकडं चौकशी करा. नळाचं पाणी भरलं असेल तर दोन-तीन दिवस थांबून मगच सोडा, क्लोरीननं मासे मरतात.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं. या कागदावर शेवाळ धरलं की तो साबणासारखा होतो, पोहता येणाऱ्या माणसालाही उतारावरनं वर येता येत नाही. शेततळ्यात बुडून पोरं गेल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात वाचतो आपण. कुंपण तर घालाच, शिवाय काठाला आत एक फूट खोलीची रुंद पायरी ठेवा. आमच्या तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडलेत, वरनं झाडाच्या बुंध्याला आणि खांबाला बांधलेत आणि एका बाजूला ट्रकच्या जुन्या टायरची शिडी लावलीय. या सगळ्याला टँकरच्या एका खेपेएवढाही खर्च आला नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
कळंबा रोड, कोल्हापूर