१९ दिवसांचा डेटा गायब आणि तक्रारीचं तिकीट म्हणे 'रिझॉल्व्ड'

सपोर्ट टीममधलं जे कोणी हे वाचत असेल त्यांना,

आमचं सातारा जिल्ह्यात २५ बेडचं हॉस्पिटल आहे, चार वर्षं तुमचं सॉफ्टवेअर वापरतोय आणि एएमसी (वर्षाची देखभाल फी) एकदाही थकवलेली नाही, हे आधीच सांगते कारण फोन केला की तुमचा पहिला प्रश्न तोच असतो.

मागच्या सोमवारी सकाळी साडेदहाला, ऐन ओपीडीत, सर्व्हरची हार्डडिस्क गेली. मशीन आहे, जाणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्ही जो बॅकअप चढवला तो निघाला १९ दिवस जुना! रोज रात्री २ ला ऑटो बॅकअप होतो असं तुमच्याच माणसाने सांगितलेलं. आता कळतंय की क्लाउडचा पासवर्ड बदलल्यापासून बॅकअप फेल जात होता आणि त्याचा मेल जायचा तुमच्या एका एक्झिक्युटिव्हला, जो केव्हाच नोकरी सोडून गेलाय.

बिलं एकवेळ सोडा, ती कागदावरून परत भरतोय, रिसेप्शनच्या दोन्ही मुली रात्री नऊपर्यंत बसतात. खरा घोळ पुढेच आहे. जुना बॅकअप चढवल्यावर यूएचआयडीची, म्हणजे पेशंटांच्या नंबरांची, सिरीज पण मागे गेली ना, मग त्या १९ दिवसांतल्या पेशंटांच्या केसपेपरवर जे नंबर आहेत तेच सॉफ्टवेअर नव्या पेशंटांना द्यायला लागलं. बुधवारी नऊ वर्षांच्या एका पोराच्या नावावर क्रिएटिनिन ३.८ चा, म्हणजे किडनी बिघडल्याचा, रिपोर्ट आला. सिस्टरने रिपोर्ट बघितला, पोराकडे बघितलं (ते बेडवर बसून बिस्किट मागत होतं) आणि कागद घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आली. रिपोर्ट शेजारच्या वॉर्डातल्या आजींचा. सॅम्पलच्या बारकोडवर आजींचा नंबर, मशीनने तोच उचलला, सॉफ्टवेअरच्या लेखी तो नंबर आता पोराचा. सिस्टर नवीन असती तर? आणि आम्ही पेशंटांचे १४ आकडी आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) पण लिंक करतो, म्हणजे असला रिपोर्ट बाहेरच्या डॉक्टरला पण दिसू शकतो.

हे सगळं फोटोसकट तिकिटात टाकलं. संध्याकाळी मेसेज, तुमचा इश्यू रिझॉल्व्ड झालाय, रेटिंग द्या. एक स्टार द्यायला गेले तर लिंकच उघडेना.

तुमचा सेल्सवाला आलेला तेव्हा दिल्लीच्या एम्सचं सांगत होता, नोव्हेंबर २०२२ मधे रॅन्समवेअरने (डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) तिथले सर्व्हर बंद पडले, जवळपास दोन आठवडे कागदावर काम चाललं, मॅडम तुमच्याकडे झालं तर? त्या भीतीनेच वर्षाला १८ हजार जास्तीचे भरून तुमचा क्लाउड बॅकअप घेतला. हॅकर कोणी आला नाही, साधी डिस्क गेली!

तर सिरीज आजच्या आज पुढे ढकला आणि डबल झालेल्या नंबरांची यादी द्या. बॅकअप फेल झाला की एसएमएस माझ्या मोबाईलवर आला पाहिजे आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर चढवून दाखवायचा, नुसतं 'होतोय' म्हणून चालणार नाही. १८ हजार परत हवेत, ते एएमसीतून वळते करून चालणार नाहीत.

इंजिनियर पाठवाल तर दुपारी २ नंतर पाठवा, सकाळी उभं राहायला जागा नसते. आणि क्लाउडचा पासवर्ड माहीत असलेला पाठवा.

हॉस्पिटल अ‍ॅडमिन