साक्ष देणाऱ्याचं काय होतं

नागपूर

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. सुवार्ता सांगणं, म्हणजे ख्रिस्ताविषयी साक्ष देणं, हे पाळकांचं काम, आपण रविवारी उपासनेला जावं, वर्गणी द्यावी अन् गप्प घरी यावं, हे तुझं म्हणणं मला काही पटलं नाही. किती माणसं वाढली याचे आकडे मोजणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. पण सांगायला गेलं की सांगणाराच आधी पेचात सापडतो, आणि मला ते हवंसं वाटतं.

आमच्या तरुण संघातला एक पोरगा बुटीबोरीला कंपनीत आहे. डबा खाताना त्यानं सोबत्याला उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली, घर सोडून गेलेल्या धाकट्या पोराला बाप पुन्हा जवळ घेतो ती. सोबती पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "मग तू तुह्या भावाशी काऊन नाही बोलत बे?" प्लॉटवरून दोघांचं बोलणं बंद, हे अख्ख्या शिफ्टला ठाऊक. पोरगा गार! त्या रात्री त्यानं बायबलातला, हीच गोष्ट असलेला लूकचा पंधरावा अध्याय पुन्हा काढला, या खेपेला घरात यायला तयार नसलेल्या थोरल्या भावासाठी. पुढे तो भावाकडे जाऊन आला. प्लॉटचा वाद आहेच, पण येणंजाणं सुरू झालंय. लहानपणापासून ऐकलेल्या प्रवचनांनी हे झालं नव्हतं. सोबती ख्रिस्ती झाला का, विचारशील. नाही झाला.

आपले कवी ना. वा. टिळक घे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला. पण त्यांची श्रद्धा मुरली ती पुढे, लोकांना सांगायला बसल्यावर. परक्या चालींवरची गीतं गावकऱ्यांच्या गळी उतरेनात, तेव्हा ते अभंगाकडे, कीर्तनाकडे वळले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं तेच म्हणत. ऐकणारे समोर नसते तर तो पूल त्यांनी इतका धुंडाळला असता का?

सांगायला गेलो तर धर्मांतराच्या कायद्यात अडकू, ही तुझी भीती मला कळते. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंच आहे की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. खरं सांगू, मला त्यात अडचण वाटत नाही. मन पालटणं आपल्या हातात कधी होतं? आमिष, धाक दाखवून केलेलं काम मुळात साक्षच नव्हे. कोणी विचारलं तर सौम्यपणे उत्तर द्या, एवढंच प्रेषित पेत्र बायबलात सांगतो. पण कोणी विचारावं असं जगायचं, इथं घोडं अडतं.

नाताळात येतोयस ना? तरुण संघापुढे तू बोलणार आहेस, पाळकांना मी सांगून टाकलंय. पोरं उलटे प्रश्न विचारतात, तयारीनं ये.

तुझा मित्र