हातात धरून खायचा डबा

टूसॉन, ॲरिझोना
१४ जून

प्रिय दोस्ता,

काल वहिनींशी फोनवर बोलणं झालं. तू दुपारचं जेवण जवळपास सोडलंच आहेस म्हणाल्या. सकाळी चहा-खारी, मग औषधकंपनीच्या कामाने दिवसभर गाडीवर या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, आणि चार वाजता कुठेतरी वडापाव. डबा नेतोस, पण बसून उघडायला जागा मिळत नाही म्हणून तो तसाच परत येतो. ऐकून रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

माझीही इथे तीच गत होती. सोलरची साइट वाळवंटात, शहरापासून तासभर लांब. ना टेबल, ना मायक्रोवेव्ह. त्यातून मला सोडवलं बरोबरच्या एका वेल्डरने. तो सोनोराचा, सीमेपलीकडच्या मेक्सिकन राज्यातला. त्याचा डबा म्हणजे फॉइलमधली एक घट्ट सुरळी: गव्हाच्या टॉर्टियात, म्हणजे तिथल्या पोळीत, मांस, बीन्स, भाज्या. बुरिटो म्हणतात तिला. स्पॅनिशमध्ये अर्थ छोटं गाढव.

मेक्सिकोची जुनी टॉर्टिया मक्याची, चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याची. आपल्या भाकरीची बहीणच, आणि गार झाल्यावर गुंडाळायला गेलं की भाकरीसारखीच तडकते. गहू स्पॅनिश लोकांनी नेला आणि तो उत्तरेला सोनोरात रुजला. तिथल्या मोठ्या टॉर्टिया मैद्यात चरबी मळून करतात. बायका त्या हातांवर फिरवत फिरवत वाढवतात आणि उपड्या कढईसारख्या तव्यावर टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुझ्या आजोळचे, जळगावचे मांडे आठवले!

आता तुझ्यासाठी. तयार टॉर्टिया मिळाली नाही तर मैदा आणि कणीक निम्मी-निम्मी घे, मीठ, दोन चमचे तेल, कोमट पाणी. अर्धा तास झाकून ठेव. घडी न घालता दहा इंची पातळ लाट आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट भाज. डाग पडले की उतरव. कडक झाली तर संपलं. लगेच फडक्यात गुंडाळ.

सारण आदल्या रात्री कर. एका माणसाला शंभर ग्रॅम बोनलेस चिकन पुरतं, मांडीचं घे, छातीचं दुसऱ्या दिवशी चिवट लागतं. लिंबू, लसूण, जिरेपूड, तिखट लावून तासभर ठेव, मग मोठ्या आचेवर परत. आत कुठेही गुलाबी राहता कामा नये. त्याच कढईत कांदा आणि ढोबळी मिरची उभी चिरून नुसती चटकन परत, मऊ होऊ देऊ नकोस. थोडा शिजलेला राजमा चेचून घाल. तो सगळं बांधून धरतो. टोमॅटो घालायचा तर बिया काढून.

खरी गोम पाण्यात आहे, दोस्ता. पहिल्या महिन्यात मी गरम सारण भरून तसंच फॉइलमध्ये बांधायचो. आतल्या वाफेने टॉर्टिया भिजून फाटायची, अर्धं जेवण वाळूत जायचं. आता सारण फ्रिजमधलं गार आणि टॉर्टिया मात्र गरम. गार टॉर्टिया वाकत नाही, चिरते. सारण मध्यापेक्षा जरा खाली, आडवं ठेव. आधी दोन्ही बाजू आत दुमड, मग खालून उचलून दाबत दाबत गुंडाळ. जोड खाली करून कोरड्या तव्यावर मिनिटभर ठेव, तो चिकटतो. चटणी कधीही आत नाही, छोट्या बाटलीत वेगळी.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी कर. शिजवलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नाही. तुमच्या सोलापूरच्या उन्हात तर नाहीच नाही. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली रात्री फ्रीझरमध्ये ठेव, सकाळी तिला चिकटून सुरळी जाड पिशवीत घाल आणि ती पिशवी डिकीत नको, खांद्यावर असू दे. दुपारपर्यंत बाटलीत बर्फ उरला नाही असं दिसलं, तर त्या दिवसांत चिकन नको, आणि त्याऐवजी परतलेलं पनीरही घालू नकोस, तेही तसंच नासतं. नुसते भाजलेले शेंगदाणे भर.

फॉइल वरून सोलत सोलत खा, सगळं एकदम काढू नकोस. गाडी झाडाखाली लावून दहा मिनिटांत जेवण होतं.

रविवारी तुमच्या सकाळी नऊला व्हिडिओ कॉल करतो. पीठ मळून ठेव, गुंडाळायचं कसं ते समोर दाखवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच