किनाबालूला निघालेल्या मित्रास

प्रिय सुधीर,

वनस्पतिशास्त्राची सहल बोर्निओला, किनाबालू पर्वतावर न्यायचं पक्कं झालं हे वाचून फार आनंद झाला. पोरांच्या डोक्यात ४,०९५ मीटरचं शिखर असणार, पण अभ्यासाचं खरं घबाड वाटेवर आहे. वेळ तिथे राखून ठेव.

कोटा किनाबालू शहराहून गाडीने दोनेक तासांत उद्यानाच्या मुख्य केंद्रावर पोचाल. तिथे एक मुक्काम कराच. समुद्रसपाटीवरून थेट येऊन ३,२७२ मीटरवरच्या पानालाबानला, म्हणजे शिखराआधीच्या मुक्कामाला झोपलं, की डोकं ठणकतं, मळमळतं आणि पहाटेची चढाई बुडते. वर बिछाने मोजके आणि वाटाड्या सक्तीचा, म्हणून आरक्षण काही महिने आधी कर. त्यातल्या त्यात कोरडे महिने फेब्रुवारी ते एप्रिल.

चढ १,८६६ मीटरवरच्या तिम्पोहोन फाटकापासून सुरू होतो. दर अर्ध्या किलोमीटरला खांब आहे. प्रत्येक खांबापाशी तापमान, झाडांची अंदाजे उंची आणि पाच पानांची लांबी (पान न तोडता, पट्टी लावून) नोंदवायला लाव. शंभर मीटरमागे साधारण अर्धा अंश पारा उतरतो आणि त्याबरोबर जंगल कसं आखडत जातं ते वहीतच दिसतं.

लायांग-लायांगच्या निवाऱ्यापुढे, २,७०० मीटरच्या वर, माती पिवळट-तांबूस होते. इथे घाई करू नका. ही अल्ट्रामाफिक खडकाची माती: मॅग्नेशियम, निकेल भरपूर, फॉस्फरस, पोटॅशियम तुटपुंजं. म्हणून झाडं नुसत्या थंडीने व्हावीत त्याहून जास्त खुरटतात. याच पट्ट्यात नेपेन्थिस व्हिलोसा ही घटात किडे पकडणारी घटपर्णी वाटेच्या कडेला भेटते. तिच्या घटाच्या तोंडाशी असलेले कंगोरे वाकून, भिंगातून पाहायला सांग: एकेक पातं सुटं, टोकदार, आत वळलेलं. कासच्या सड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती हेच करतात, मातीत नाही ते किड्यांकडून मिळवतात. नेपेन्थिस राजा या दुसऱ्या घटपर्णीची तऱ्हा आणखी वेगळी. ट्री-श्रू ही खारीएवढी सस्तन प्राण्याची जात झाकणावरचा मध चाटायला घटावर बसते आणि तिची विष्ठा आत पडते. तेच झाडाचं खत. ती घटपर्णी मात्र या वाटेवर शोधत बसू नका.

शिखरासाठी रात्री अडीचच्या सुमारास निघतात. सायात-सायातची चौकी पाचच्या आत ओलांडली नाही तर परत पाठवतात. पुढे उघडा ग्रॅनाइट आणि दोर. रबरी पकडीचे हातमोजे हवेतच. पाऊस लागला की कातळावरून पाण्याचे लोट येतात, तेव्हा वाटाड्या फिरा म्हणाला की फिरायचं. वर पारा शून्याच्या आसपास असतो. कॅमेऱ्याची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, नाहीतर गारठून लवकर उतरते. दहाच्या सुमारास ढग चढतात, त्यामुळे लांबवरचं दृश्य सकाळीच. उतरताना गुडघे आणि पायाची नखं बोलतात. नखं आधीच कापा, काठी घ्या.

दुसऱ्या अंगाला पोरिंगला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे रॅफ्लेशिया फुललंय का, ते त्या दिवशीच विचारायचं. फूल आठवडाभरच टिकतं.

एक गोष्ट आधीच बजावून ठेव: उद्यानातून गळलेलं पानही उचलायचं नाही. नमुने हवे असतील तर मलेशियातल्या साबाह राज्य सरकारचा वेगळा परवाना लागतो, तो सहलीच्या धावपळीत मिळत नाही. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, पुरेसं आहे.

तारखा ठरल्या की कळव. माझ्याकडे दोन चांगले तापमापक आहेत, ते पाठवून देतो.

तुझा,
अविनाश