तिकडच्या जंगलाला गेट नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना जवळ आला की कॅनडात मुलांकडे निघालेल्या नागपूरकरांची तयारी सुरू होते. कॅम्पर व्हॅन (झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन ब्रिटिश कोलंबियातून वर युकॉनपर्यंत जायचे, असा बेत आता बऱ्याच घरांत ऐकू येतो. बेत उत्तम आहे. पण ताडोबा-पेंचच्या चार सफारी झालेल्यांना ‘आपल्याला जंगलाची सवय आहे’ असे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. मोहर्ली किंवा सिल्लारीच्या गेटवर नोंद होते, जिप्सीत गाइड असतो, तो खाली उतरू देत नाही आणि वेळ संपली की बाहेर काढतो. युकॉनकडे नेणाऱ्या अलास्का हायवेवर यातले काहीच नाही. किती लांब राहायचे, जेवण कुठे ठेवायचे, गाडी कुठे थांबवायची, हे सगळे गाडीतल्या माणसांनीच पाळायचे असते.

१९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने बांधलेला हा रस्ता डॉसन क्रीकपासून सुरू होतो. तिथून युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स सुमारे १४०० किलोमीटर, म्हणजे नागपूर-दिल्लीहूनही तीनेकशे जास्त. फोर्ट नेल्सन सोडले की पुढे गाव म्हणावे असे वॉटसन लेकच. युकॉन आकाराने महाराष्ट्राच्या दीडपट, पण वस्ती पन्नास हजारांच्या आत. गाव मागे पडले की मोबाइल बंद. टाकी अर्धी झाली की दिसेल त्या पंपावर भरून घ्यावी, कारण नकाशातला पुढचा पंप बंद असू शकतो.

आपल्याकडे मनसर ते खवासा पट्ट्यात महामार्ग उचलून जनावरांना खालून वाट करून दिली आहे. तिकडे बायसन (आपल्या गव्यासारखे रानबैल), मूस (सांबराहून कितीतरी मोठे हरीण), कॅरिबू (रेनडियर) थेट डांबरावरून ये-जा करतात. लिआर्ड नदीच्या परिसरात वुड बायसनचे कळप रस्त्याच्या कडेलाच बसलेले असतात. मंचो लेकजवळ स्टोन शीप ही रानमेंढरे क्षार चाटायला रस्त्यावर येतात आणि गाडी पाहून हलत नाहीत. सगळ्यांत घातक मूस. खांद्यापाशीच दोन मीटरच्या आसपास उंची, वजन पाचशे किलोच्या वर, रंग गडद. डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर राहतात, त्यामुळे हरणासारखे चमकत नाहीत. धडक बसली तर बंपर लांब पायांना लागतो आणि सगळे धड काच फोडून आत येते. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग कमी ठेवावा आणि अंधारात गाडी चालवूच नये. एक कॅरिबू ओलांडून गेला की लगेच गाडी दामटू नये, मागून आणखी येतात.

अस्वले दिसण्याचा उत्तम काळ मे-जून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे तोडून मोकळी पट्टी ठेवलेली असते. तिथे ऊन पोचते, बर्फ आधी वितळतो, कोवळे गवत, क्लोव्हर आणि डँडेलियन आधी फुटतात. शीतनिद्रेतून उठलेली अस्वले त्याच पट्टीवर गुरांसारखी चरत असतात. ग्रिझली की काळे अस्वल, हे रंगावरून ठरवू नका. काळी अस्वलेही तपकिरी असतात; ग्रिझलीच्या खांद्यावरचा उंचवटा पाहा. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियम अस्वल व लांडग्यापासून १०० मीटर आणि मूस, एल्क या मोठ्या हरणांपासून ३० मीटर असा आहे; तो उद्यानाबाहेरही पाळावा. गाडी वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबवू नये, मागून मालाचे लांब ट्रेलर येतात. पूर्ण कडेला घ्यावी, काचा वर, आणि फोटोसाठी कुणीही खाली उतरायचे नाही.

पायी फिरताना अस्वलांसाठीचा मिरचीचा स्प्रे कमरेला हवा. पाठपिशवीतला स्प्रे वेळेवर हाती येत नाही. विमानात तो कुठल्याच सामानात चालत नाही, तिकडेच विकत घ्यावा. मारा पाच ते नऊ मीटरचा, तोही काही सेकंदच. अंगावर येणारे अस्वल त्या टप्प्यात आले की किंचित खाली रोखून फवारायचे. पळायचे नाही. हा डबा उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवला तर फुटतो, आणि बंद व्हॅनमध्ये फुटला तर चालवणाऱ्याला डोळे उघडता येत नाहीत.

आता स्वयंपाक. आपल्या लोकांची खरी चूक इथे होते. मुक्कामाच्या जागी अन्न, शेगडी, घासलेली भांडीसुद्धा, कूलर, तेलाची बाटली, कचरा, टूथपेस्ट, खोबरेल तेल, हे सगळे रात्री व्हॅनच्या आत किंवा तिथल्या लोखंडी पेटीत कुलूपबंद हवे. बाहेरच्या टेबलावर राहिलेले वाटीभर वरणही अस्वलाला पुरते. भांडी धुतल्यावर शिते गाळणीत अडवून कचऱ्यात टाकावीत, सांडपाणी टाकीत साठवून डंप स्टेशनवरच सोडावे. माणसाचे अन्न एकदा मिळाले की अस्वल पुन्हा पुन्हा त्याच जागी येते, माणसाला भीत नाही, आणि अशा अस्वलाला शेवटी वन्यजीव अधिकाऱ्यांना गोळी घालावी लागते. आपण टेबल पुसायचा कंटाळा करायचा आणि जीव त्या मुक्या जनावराने द्यायचा, हे आम्हाला सहन होत नाही.

घरचा मिक्सर, राइस कुकर, इंडक्शन नेऊ नये. तिकडे वीज १२० व्होल्टची. इन्व्हर्टरवर १५०० वॉटची किटली लावली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरहून जास्त ओढले जातात. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, आणि त्यावर फ्रीज व हीटरचा पंखाही चालवायचा असतो. गॅसवर तीन लिटरचा कुकर पुरतो. पण गॅस कोणता, ते आधी विचारा. कित्येक व्हॅनमध्ये ब्यूटेनच्या डब्यावरची शेगडी देतात. ब्यूटेन उणे ०.५ अंशाखाली वायू होतच नाही. सप्टेंबरच्या पहाटे शेगडी पेटते, ज्योत बसते, विझते, आणि लोक भरलेला डबा रिकामा समजून फेकतात. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणे मात्र जिवावर बेतते: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म चालू आहे ना, ते व्हॅन ताब्यात घेतानाच बटण दाबून पाहावे.

ज्यांना उत्तरध्रुवीय वर्तुळ ओलांडायचे आहे त्यांचा डोळा डेम्पस्टर हायवेवर असतो. डॉसन सिटीजवळून इनुविकपर्यंत ७०० किलोमीटरहून जास्त कच्चा रस्ता, दोन नद्या फेरीने ओलांडायच्या, आणि पहिला पंप ३६९व्या किलोमीटरला ईगल प्लेन्सला. त्या रस्त्यावरच्या धारदार खडे टायर कापतात. पूर्ण आकाराचे दोन जादा टायर आणि ते बदलता येणारा माणूस हवा. भाड्याच्या बहुतेक करारांत असल्या रस्त्याला मनाई असते. अट मोडून गेलात तर विमा लागू होत नाही आणि टोइंगचा खर्च अंगावर पडतो.

उत्तरेच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसेल या आशेने जूनमध्ये जाऊ नये. व्हाइटहॉर्सला तेव्हा १९ तासांचा दिवस असतो, रात्र काळोखी होतच नाही. त्यासाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ठरवावा; डासही तोवर कमी होतात. जून-जुलैत गेलात तर डोक्यावरून घालायची जाळी प्रत्येकाला घ्या.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघतो, एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत हवा.

आपल्या उन्हाळी पुरवणीत जनावरांपासूनची अंतरे आणि अन्न ठेवण्याचे नियम चौकटीत छापावेत. आणि नागपुरातल्या सहल कंपन्यांनी आगाऊ रक्कम घेण्याआधी करारातली कच्च्या रस्त्यांची अट ग्राहकाला मराठीत समजावून सांगावी, ही विनंती.

आपले,
काही वन्यजीवप्रेमी वाचक, नागपूर